गाडीतच पथारी : नाथषष्ठीसाठी एसयूव्हीमधला बिछाना

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.)

मागे एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला होता. त्याचं म्हणणं असं, की नाथषष्ठीला आई-वडिलांना घेऊन पैठणला जायचंय, राहायची खोली मिळत नाहीये, गाडी मोठी आहे, तर गाडीतच झोपता येईल का? आणि लगेच दुसरा प्रश्न, एसी लावून झोपलं तर चालेल ना?

पहिल्याचं उत्तर हो. मस्त झोपता येतं. दुसऱ्याचं उत्तर नाही. ते का नाही, यावर आज जरा जास्त वेळ घेणार आहे. घाईत असाल तर बाकीचं सोडा, पण तेवढं ऐकून जा.

आधी थोडं गावाबद्दल, कारण आपले अर्धे श्रोते पुण्या-मुंबईचे आहेत आणि त्यांना पैठण म्हटलं की फक्त साडी आठवते. नाथषष्ठी म्हणजे फाल्गुन वद्य षष्ठी. १५९९ साली याच तिथीला एकनाथ महाराजांनी गोदावरीत समाधी घेतली. षष्ठी, सप्तमी, अष्टमी असा सोहळा चालतो आणि काल्याच्या दहीहंडीने संपतो. राज्यभरातून दिंड्या पायी येतात. इंग्रजी महिना बहुतेक मार्च. आणि त्या तीन दिवसांत गावात खोली मागणं म्हणजे गणपतीत कोकणात जायला रेल्वेचं तिकीट मागण्यासारखं आहे.

आता रील्सवर 'कार कॅम्पिंग' म्हणून जे दिसतं, पिवळे दिवे, कॉफी, उशीवर कुत्रं, त्याने आपल्याला वाटतं हे काहीतरी परदेशातून आलेलं नवीन फॅड आहे. अहो, दिंडीबरोबर जो सामानाचा ट्रक असतो ना, त्यात माणसं पिढ्यान्‌पिढ्या झोपतायत. खाली ताडपत्री, वर सतरंजी, उशाला पिशवी. ट्रक ड्रायव्हरच्या केबिनमध्ये मागे झोपायची फळी असतेच. आमच्याकडे ऊसतोडीला जाणारी कुटुंबं बैलगाडीत अख्खा संसार घालून निघतात. म्हणजे गाडीत झोपणं आपल्याला नवीन नाही. नवीन एवढंच आहे, की आपली गाडी काचेची बंद पेटी आहे. ट्रकच्या हौद्यात हवा आपोआप खेळते, आपल्या गाडीत ती खेळवावी लागते. सगळी गोम तिथे आहे.

बरं, मुळात गाडीतच कशाला? राहुटी आहे, मठ आहेत, धर्मशाळा आहेत, जमिनीवर सतरंजी टाकून झोपता येतं. तुम्ही-आम्ही झोपू. पण साठी ओलांडलेल्या माणसाला झोपायचा त्रास कमी आणि उठायचा जास्त असतो. माझ्या बाबांचे गुडघे दुखतात. जमिनीवरून उठताना त्यांना कुणाचा तरी हात लागतो आणि रात्री दोनदा तर उठावंच लागतं. ते कुणाला हाक मारत नाहीत. मग काय करतात, तर संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. मार्चमध्ये, मराठवाड्यात! एसयूव्हीची मागची कड जमिनीपासून साधारण दोन-अडीच फुटांवर असते, म्हणजे घरच्या पलंगापेक्षा थोडी उंच. पाय बाहेर सोडून बसायचं, खाली एक बुटका स्टूल ठेवायचा, उभं राहायचं. हात द्यायला कुणी लागत नाही. आमच्या घरात हा उद्योग त्यासाठी सुरू झाला, पिवळ्या दिव्यांसाठी नाही.

आता मापं. मी सॉफ्टवेअरवाला, सुतारकाम मला येत नाही. पण टेप घेऊन मोजता येतं, आणि निम्मं काम तेवढंच आहे.

मागची सीट पाडा. पुढच्या दोन्ही सीट होतील तेवढ्या पुढे सरकवा आणि पाठ थोडी पुढे झुकवा. आता डिकीच्या दारापासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत लांबी मोजा. हे मोजताना दार बंद असलं पाहिजे, कारण दार आतल्या बाजूला थोडं फुगलेलं असतं आणि ते तीन-चार इंच खातं. मग रुंदी, पण ती मागच्या चाकांवरचे जे फुगवटे आत येतात ना, त्यांच्या मधली. गाडीची खरी रुंदी तीच, बाकी सगळी दिखाऊ. बहुतेक गाड्यांत ती साडेतीन फुटांच्या आत-बाहेर येते. दोन माणसं झोपतात, पण नवरा-बायको किंवा माय-लेकरू अशी. दोन धिप्पाड मित्र असाल तर एकाने बाहेर तंबू टाकावा, मैत्री टिकेल.

तिसरं माप लोक विसरतात. पाडलेली सीट आणि डिकीची जमीन यांच्यातली पायरी. आमच्या गाडीत ती सात इंच निघाली. शिवाय पाडलेली सीट बऱ्याच गाड्यांत सपाट नसते, पुढच्या बाजूला चढ असतो. या पायरीवर नुसती गादी टाकली की सकाळी कंबर धरून उठायचं. सात सीटच्या गाडीत तिसरी रांग सपाट पडते की गुंडाळून उभी राहते, हे आधी बघून घ्या. मधे दोन सुट्या कॅप्टन सीट असतील तर त्यांच्यामधली फट भरावी लागते. आणि जुनी बोलेरो, जिच्यात मागे समोरासमोर बाक असतात, ती असेल तर तुमची चैन आहे. दोन बाकांवर आडवी फळी टाकली की पलंग तयार. फक्त वर डोक्याला जागा किती उरते ते बघा.

तर ही पायरी भरायची. त्यासाठी डिकीत बसतील अशा दोन पेट्या, बरोब्बर पायरीच्या उंचीच्या. एकच मोठी पेटी करू नका, ती एकट्याने उचलत नाही. बारा मिलिमीटरचा प्लाय पुरतो. सुतार अठराचा घ्या म्हणेल, तो पलंगाच्या हिशोबाने बोलतो. आठ बाय चारचा बारा एमएमचा ताव साधारण चोवीस किलोचा असतो, अठराचा छत्तीसच्या आसपास. आपल्याला हे चढवायचं-उतरवायचं आहे. बारा घ्या आणि दर दीड फुटावर खालून आधाराची पट्टी द्या, वाकत नाही. पेट्यांना वरून झाकण, आत कपडे, पाणी, स्टोव्ह. पुढच्या पेटीला बिजागरीवर उलगडणारी एक फळी लावली की ती पाडलेल्या सीटवरून पुढे जाते. ती पुढच्या सीटमागच्या पाय ठेवायच्या खड्ड्यावर अधांतरी राहते, तिथे खालून आधार पाहिजे. इंटरनेटवर यासाठी घडीचे पाय वगैरे दाखवतात. आम्ही टोमॅटोचं प्लास्टिकचं क्रेट उलटं ठेवतो आणि उरलेल्या उंचीला फळ्यांचे तुकडे. क्रेट हालत नाही, मोडत नाही आणि परतताना त्यात भाजी येते.

एक मोह आवरा. पेट्या उंच केल्या की सामान जास्त मावतं, म्हणून लोक फूटभर, दीड फूट उंची ठेवतात. उंचीचा प्रत्येक इंच तुमच्या डोक्यावरून जातो. पायरीएवढी पेटी आणि तीन इंच गादी झाल्यावर बहुतेक गाड्यांत ताठ बसता येतच नाही, कुशीवर वळता आलं तरी खूप. म्हणून फळी जितकी खाली तितकी बरी.

गादीचं सोपं आहे. फोमवाल्याकडे गाडीच्या मापाचा कागद कापून न्या, चाकाच्या फुगवट्याच्या खाचांसकट. तो तसाच कापून देतो. तीन इंच, ३२ किंवा ४० डेन्सिटी मागा. मऊ मागू नका, म्हाताऱ्या माणसाला मऊ गादीतून कूस वळवता येत नाही. तीन तुकड्यांत शिवून घेतली की घडी होते. हवेच्या गाद्या दिसायला झकास, पण पहाटे चारला हवा जाते आणि एकजण हलला की दुसरा उडतो. वरून मात्र घरची गोधडीच. फोम रात्री अंगाची ऊब अडवून ठेवतो आणि घाम येतो, जुन्या लुगड्यांची गोधडी तो पिते. प्लाय, बिजागऱ्या, फोम, खोळ, सुताराची मजुरी असं सगळं धरून आमचं नऊ हजारांच्या आत झालं.

हे सगळं सुटं ठेवायचं बरं का. सीट कायमची काढून टाकायची, गाडी कापायची, असं करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीत असे बदल परस्पर करता येत नाहीत. आणि पेट्या डिकीतल्या हुकांना पट्ट्याने घट्ट बांधा. साठच्या वेगाने जाताना ब्रेक लागला तर न बांधलेली प्लायची पेटी थांबत नाही, ती तुमच्या मानेपर्यंत येते. त्याच कारणाने, चालत्या गाडीत कुणी बिछान्यावर आडवं व्हायचं नाही. "आजी जरा पडू दे मागे, दमलीये" असं होतं यात्रेहून परतताना. आजीला पुढच्या सीटवर पट्टा लावून बसवा, पाठ थोडी मागे पाडा. बिछाना फक्त थांबलेल्या गाडीतला.

आता हवा. हा खरा विषय.

थोडा हिशोब करू. मोठ्या एसयूव्हीच्या आत हवा किती? ढोबळ धरा ३५०० लिटर. झोपलेली दोन माणसं मिळून तासाला पंचवीस-तीस लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतात. काचा पूर्ण बंद असतील आणि हवा अजिबात बदलत नसेल, तर तासाभरात ते प्रमाण पाऊण टक्क्यापर्यंत जातं. बाहेरच्या हवेत ते ०.०४ टक्के असतं. गाडी काही डब्यासारखी हवाबंद नसते, फटी असतात, त्यामुळे काचा बंद ठेवून झोपलेला माणूस तेवढ्याने मरत नाही. पण डोकं जड, झोप अर्धवट आणि सकाळी तोंड कडू. शिवाय श्वास आणि घाम मिळून एका माणसाचं पाव लिटरच्या वर पाणी रात्रीत बाहेर पडतं. ते काचांवर साठतं, गादीत मुरतं. तर दोन समोरासमोरच्या नाहीत, तिरप्या कोपऱ्यातल्या दोन काचा दोन-तीन बोटं खाली. एकीकडून हवा येते, दुसरीकडून जाते. दारांना पावसाचे व्हायजर असतील तर पावसातही बोटभर उघडी ठेवता येते.

आता एसी. एसी लावायचा म्हणजे इंजिन चालू. इंजिन चालू म्हणजे धूर, आणि धुरात कार्बन मोनॉक्साइड. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, त्याने ठसका लागत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. म्हणजे हवेत ऑक्सिजन भरपूर असला तरी रक्त तो उचलू शकत नाही. जागा माणूस असेल तर डोकं दुखतं, मळमळतं, तो दार उघडून बाहेर येतो. झोपलेल्याला यातलं काही कळत नाही. झोप गाढ होत जाते, एवढंच.

इथे नेहमीचा मुद्दा येतो, की "अरे पण धूर तर मागून बाहेर जातो, आपण आत." चालत्या गाडीत जातो. उभ्या गाडीत वारा मागून असेल तर तो गाडीखाली घोळतो. मागे भिंत असेल, बांध असेल, सायलेन्सरचं तोंड गवतात किंवा मातीत टेकलं असेल, तर आणखी. सायलेन्सरच्या पाइपला कुठे बारीक भोक असेल तर ते चालवताना कळतही नाही. गाडी नवीन आहे, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे, डिझेलला मोनॉक्साइड कमी असतो, ही सगळी वाक्यं थोडी थोडी खरी आहेत आणि त्यातल्या कुठल्याही वाक्यावर मी आईला झोपवणार नाही. एसी रीसर्क्युलेशनवर ठेवला की बाहेरची हवा येत नाही असंही लोक म्हणतात. फटीतून जे आत आलं ते मग आतच फिरत राहतं, हे नाही सांगत.

आणि नाथषष्ठीचा वाहनतळ डोळ्यासमोर आणा. गाड्या खेटून लागलेल्या. तुम्ही इंजिन बंद केलंत, पण शेजारचा टेम्पो पहाटे तीनला चालू करून अर्धा तास गरम होत ठेवला, तर त्याचा धूर तुमच्या उघड्या काचेत. म्हणून शेजारी-मागे कोण आहे ते बघून गाडी लावा, जमलं तर कडेची जागा घ्या, आणि डोकी कुणाच्याही सायलेन्सरच्या बाजूला नकोत. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मिळतो. आमच्या गाडीत उशाशी एक असतो. तो आहे म्हणून इंजिन चालू ठेवायचं नाही, शेजाऱ्याचं चालू असेल म्हणून तो ठेवायचा.

त्याच न्यायाने गाडीत शेगडी नाही, गॅस नाही, थंडी वाजते म्हणून निखाऱ्याची घमेली नाही, डास आहेत म्हणून कॉइल नाही, उदबत्ती नाही. काहीही जळणारं आत नाही. इलेक्ट्रिक गाडी असेल तर तिला सायलेन्सरच नाही, तुम्ही चार्ज असेपर्यंत एसी लावा आणि आम्हाला चिडवा.

मग उकाड्याचं काय? मार्चमध्ये पैठणला दुपार पस्तिशी गाठते, पण रात्री उशिरा गार होतं. छोटा यूएसबी पंखा साधारण पाच वॅट खातो. आठ तासांचे चाळीस वॅट-तास. वीस हजार एमएएचची पॉवर बँक म्हणजे ३.७ व्होल्टने गुणून ७४ वॅट-तास, गळती वजा जाता साठ धरा. एक पंखा रात्रभर आरामात, वर फोनही थोडा चार्ज होतो. दोन पंखे हवे असतील तर दोन पॉवर बँका. गाडीच्या बॅटरीवर काही चालवू नका, सकाळी स्टार्टर नुसता कटकट करतो आणि मग ढकलायला वारकरी शोधा. पंखा अंगावर लावण्यापेक्षा एका उघड्या काचेत तोंड बाहेर करून लावा. तो आतली गरम हवा ओढून बाहेर टाकतो आणि समोरच्या काचेतून गार हवा येते. एप्रिल-मेमध्ये मात्र या नादाला लागू नका. पत्रा मध्यरात्रीपर्यंत तापलेला असतो. तेव्हा घरी गच्चीवर झोपा.

डासांसाठी मच्छरदाणीचं कापड मीटरवर घ्या. त्याचा पिशवीसारखा खोळ शिवायचा, दार उघडून वरून मोज्यासारखा दाराच्या चौकटीवर चढवायचा, दार लावायचं, काच खाली करायची. डिकीच्या उघड्या तोंडासाठी मोठा तुकडा आणि कडेला चुंबकं. पत्र्याला चिकटतात. धरणाजवळ संध्याकाळी डासांचे ढग उठतात, त्यामुळे दिवे लावायच्या आधी जाळी.

आडोशासाठी काचांच्या आकाराचे कागद कापून त्यावरून चांदीच्या शीटचे तुकडे करून घ्या. झोपताना लावायचे, निघताना काढायचे. काचांना काळी फिल्म लावून टाकू म्हणाल तर २०१२ सालीच सर्वोच्च न्यायालयाने तिला मनाई केलीये.

आता पैठणात गाडी लावायची कुठे. पहिलं, नदीच्या पात्रात नाही. वाळवंट मोकळं दिसतं, मंदिर जवळ असतं, मोह होतो. पण वर जायकवाडी आहे, १९७६ सालापासून, सत्तावीस दरवाज्यांचं. यात्रेत स्नानासाठीही धरणातून पाणी सोडतात. पावसाळ्यात तर बोलूच नका, २००६ च्या ऑगस्टमध्ये विसर्ग एवढा झाला की पाणी थेट गावात शिरलं होतं. यात्रेत पोलीस जो वाहनतळ दाखवतील तिथेच लावा, लांब असला तरी. आई-बाबांना आधी मंदिराजवळ सोडायचं, मग गाडी लावायची.

दुसरं, यात्रा नसताना थंडीत जे लोक पक्षी बघायला येतात त्यांच्यासाठी. नाथसागराच्या काठावर, अगदी पाण्याजवळ गाडी नेऊन सकाळी डिकी उघडली की समोर फ्लेमिंगो, अशी कल्पना असते. जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, आत रात्र काढायला वनखात्याची परवानगी लागते. आणि पाणी ओसरल्यावर जी जमीन उघडी पडते ती गाळपेराची. वरून वाळलेली, भेगाळलेली दिसते, खाली लोणी. गाडी एकदा बसली की ट्रॅक्टरच पाहिजे. शिवाय तिथे कुणाचा तरी हरभरा असतो, त्यावरून चाक घालायचं नाही. काठच्या रानात वेड्या बाभळी आहेत, काटा टायरमधून आरपार जातो. त्यापेक्षा गावातल्या किंवा रस्त्याकडेच्या माणसाला विचारून त्याच्या अंगणात, मळ्यात लावा. विचारलं तर बहुतेक नाही म्हणत नाहीत, वर चहा देतात. वाळल्या गवतावर गाडी आणून थेट उभी करू नका, सायलेन्सर एवढा तापलेला असतो की गवत पेटतं.

जागा सपाट आहे का ते बघायला पाण्याची अर्धी भरलेली बाटली फळीवर आडवी ठेवा. थोडा उतार राहिलाच तर डोकं चढाच्या बाजूला. आणि पूर्वेला झाड असेल असं बघा, नाहीतर सातपासून ऊन तोंडावर.

झोपायच्या आधी तीन गोष्टी. मागच्या दारांचे चाइल्ड लॉक काढा, नाहीतर आतून दार उघडत नाही आणि रात्री बाबा आत अडकतात. डिकी आतून उघडते का ते घरीच तपासा, बऱ्याच गाड्यांत उघडत नाही. रिमोटने बाहेरून लॉक करून आत कुणाला झोपवू नका, तो हलला की काही गाड्यांचा अलार्म बोंबलतो आणि अख्खा वाहनतळ जागा होतो. किल्ली ठरलेल्या जागी, ड्रायव्हरची सीट रिकामी. काही झालं तर बिछाना न आवरता गाडी काढून निघता आलं पाहिजे. दोघंच असतील तर एकाला तरी गाडी चालवता यावी, नाहीतर तुम्ही शेजारी तंबूत झोपा. मी तेच करतो.

तर टेप घ्या, आज संध्याकाळीच खाली पार्किंगमध्ये जाऊन तिन्ही मापं लिहून काढा. आणि पैठणला नेण्याआधी एक रात्र स्वतःच्या सोसायटीत, गाडीत, झोपून बघा. वॉचमनला सांगून ठेवा फक्त.